कट्ट्यावरची गेरूची रेघ

अर्जदार : माझ्या पत्नीची थोरली बहीण, नात्यात सर्वांची आक्का, राहणार वाई. सामनेवाले : तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू, मातीपरीक्षणाच्या सरकारी कार्यालयातून सेवानिवृत्त, राहणार तेथेच, त्याच घरात, त्याच दुसऱ्या मजल्यावर. साक्षीदार : एक, वाईच्या बाजारातले सातूवाले चाचा, दोन, वरातीच्या घोड्याचे मालक, तीन, मी स्वतः. घटनास्थळ : स्वयंपाकाचा कट्टा, दोन शेगड्यांच्या मधली जागा. दिनांक : घटना अनेक असल्याने दिनांकही अनेक, ते सामनेवाल्यांच्या वहीत नोंदलेले आहेत, परंतु वही सध्या बांधून माळ्यावर ठेवलेली आहे. विषय : सामनेवाल्यांनी बंद केलेला पुरातन स्वयंपाक पुन्हा सुरू करणेबाबत. अर्जलेखक : अस्मादिक, वडूज येथे तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल, शिक्षण नववीपर्यंत, पुढील सर्व शिक्षण कचेरीच्या आवारात. पक्षकारांची नावे मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. नात्यातले नाव एकदा कागदावर आले की ते कागदाचे होते, नात्याचे राहत नाही, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

सर्वप्रथम हे नमूद करतो की, आमच्या थोरल्या साडूंइतके जुने जेवण जेवणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही. जुने म्हणजे शिळे नव्हे. शिळे आपण सगळेच खातो. साडू जे जेवत ते ऋषींच्या काळचे, पोथीत लिहिलेले, लिहिल्याबरहुकूम शिजवलेले आणि नंतर कोणीही चाखून न पाहिलेले असे जेवण होते. निवृत्तीनंतर माणसे भजनाला लागतात, बागेत फिरतात, नाहीतर सुनेच्या कामात लक्ष घालतात. साडूंना सून नाही, बाग नाही आणि आवाज भजनाचा नाही. त्यांनी घाटावरच्या एका वृद्ध गुरुजींकडे जाऊन पोथ्यांचे अर्थ समजून घेण्यास आरंभ केला. तिथे देव काय बोलले, राजे कसे लढले याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ते काय जेवले एवढेच त्यांनी वहीत उतरवून घेतले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “साडूभाऊ, आयुष्यभर माती तपासली. मातीतून काय निघतं ते तपासायचं राहिलंच की.” हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की मीही त्यावर हरकत घेऊ शकलो नाही, आणि हरकत घेणे हा माझा व्यवसाय आहे.

त्यांच्या शास्त्राचा पहिला फटका मिरचीला बसला. मिरची परदेशातून गलबतात बसून आली, ऋषींनी ती पाहिलेली नव्हती, म्हणून ती बाद. तीच गत बटाट्याची, टोमॅटोची, मक्याची आणि शेंगदाण्याची. शेंगदाण्याचा कूट आणि कांदा-लसणाचे तिखट यांवाचून आमच्या भागात भाजी होत नाही, कढी होत नाही, लग्नही होत नाही. आक्का खटाव तालुक्यात वाढलेल्या जिवाची, ठेच्यावर पोसलेली. तिने पहिल्याच दिवशी कमरेला पदर खोचून विचारले, “मग खायाचं काय? माती?” साडूंनी शांतपणे मिरे आणि पिंपळी दाखवली. एकादशीला तर फारच कठीण प्रसंग ओढवला. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची अशी उपवासाची चारही माणसे परदेशी निघाली. “म्हणजे आजवर आपण उपवास करत नव्हतो,” साडू म्हणाले, “आपण पाहुणचार घेत होतो.” आक्काने त्या दिवशी खरोखरीचा निर्जळी उपवास केला, तो एकादशीसाठी नव्हे, रागासाठी.

अखेर उभयपक्षी तडजोड झाली. साडूंनी गेरू कालवून स्वयंपाकाच्या कट्ट्यावर दोन शेगड्यांच्या मधोमध एक रेघ ओढली. रेघेच्या डावीकडे आक्काचे चालू युग, कुकर, मिक्सर आणि तिखटाची बरणी. उजवीकडे साडूंचे प्राचीन युग, मध, तूप, दही आणि सातू. सातू म्हणजे जव. तो आपल्याकडे हल्ली पूजेला लागतो आणि पूजा झाली की पाखरांना घालतात. साडू मात्र त्याच्यावर जगू पाहत होते. रेघ गेरूची असल्याने आक्का रोज सकाळी कट्टा पुसताना ती पुसून टाकी आणि साडू आंघोळ झाली की पट्टी लावून पुन्हा ओढत. पुसायचीच असते तर काढता कशाला, आणि काढायचीच असते तर पुसता कशाला, असे मी दोघांना स्वतंत्रपणे विचारून पाहिले. दोघांनीही मला स्वतंत्रपणे चहा दिला.

माती तपासण्याची एक रीत असते. शेतात नागमोडी चालायचे, आठ-दहा ठिकाणची ओंजळ ओंजळ माती घ्यायची, ती एका कापडावर एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन भाग काढून टाकायचे. उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन बाद, असे करत शेवटी अर्धा किलो राहतो, तो खरा नमुना. साडूंच्या हातांना ही सवय इतकी जडलेली होती की ती निवृत्त झालीच नाही. ते बाजारात सरळ चालत नसत. या दुकानातून मूठभर, पलीकडच्या दुकानातून मूठभर असा सातू घेत नागमोडी जात, त्यामुळे त्यांना बाजारात ओळखणारे पुष्कळ आणि उभे करून घेणारे फक्त चाचा. घरी कोणताही पदार्थ शिजला की तो परातीत ओतून ते त्याचे चार भाग करीत, समोरासमोरचे दोन बाजूला काढीत आणि उरलेल्यातून चमचाभर घेऊन चव पाहत. मग त्याला चिठ्ठी लागे. पदार्थाचे नाव, दिनांक, गुण आणि शेवटी शिफारस. बाजूला काढलेले दोन भाग कोणी खायचे, हा प्रश्न पोथीत नव्हता. आक्का त्याला हात लावत नसे. त्यामुळे मी वाईला गेलो की ते भाग माझ्यासमोर येत. शास्त्राच्या नावाखाली या जिल्ह्यात जेवढे सातूचे पीठ शिजले, त्यातले निम्मे मी खाल्लेले आहे, ही बाब मी आज प्रथमच जाहीर करीत आहे. मधात बुडवलेला तुपातला अपूप, म्हणजे सातूचा वडा, चांगला होता, हे प्रांजळपणे सांगतो. बाकीच्या पदार्थांबद्दल नातेसंबंध विचारात घेऊन मौन पाळतो.

पुरोडाशाची हकिकत मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण दाव्याचे मूळ तिच्यात आहे. पुरोडाश म्हणजे यज्ञातली जाड भाकरी. ती घोड्याच्या खुराएवढी असावी, कासवाच्या पाठीसारखी असावी आणि मडक्याच्या खापरांवर भाजावी, असे साडूंच्या वहीत होते. कासवाची पाठ सर्वांना ठाऊक असते. खुराचे माप कुठून आणायचे? वाईत एक वरातीचा घोडा होता. साडू मला आणि शिंप्याकडची टेप घेऊन तिथे गेले. घोडा खरारा करून घेत उभा होता, मालक विडी ओढत बसले होते. साडू सरळ खाली वाकले आणि घोड्याच्या पुढच्या पायाला टेप लावू लागले.

“आवं पावनं, लाथ बसंल! काय मापताय?”

“खूर.”

“नाल मारायचीत व्हय?”

“नाही. भाकरी करायची आहे. ती या मापाची असावी असं लिहिलंय.”

मालकांनी विडी विझवली आणि माझ्याकडे पाहिले. मी कचेरीतला माणूस असल्याने चेहरा निर्विकार ठेवला. मालक म्हणाले, “लिवणाऱ्याचा घोडा रानातला असंल. ह्यो आमचा लग्नातला हाय. नाचून नाचून खूर झिजल्यात त्येचं. ह्येच्या मापानं केलासा तर उपाशी ऱ्हाशीला.”

कोणीही हसून सोडून दिले असते. साडूंनी तिथेच वही काढली आणि लिहिले : खूर झिजलेला, माप ग्राह्य धरताना बोटभर वाढवावे. असा त्यांचा स्वभाव. कुणाचेही म्हणणे ते थट्टेवारी नेत नसत, घोडेवाल्याचेही नाही. त्यांना चिडवणे म्हणूनच अशक्य होते. तुम्ही टोमणा मारलात तर ते त्याची नोंद घेऊन तुमचे आभार मानत.

खापरे आणायला ते कुंभाराकडे गेले आणि फुटकी मडकी मागितली. कुंभार म्हणाला, “इतकी वरसं धंदा करतोय, फुटकं मागणारं गिऱ्हाईक आज बघितलं.” खापरे मिळाली, पण ती अंगणात पडलेली, दवाने ओलावलेली होती. माती तपासण्यात हयात गेलेल्या माणसाने त्या खापरांतला ओलावा तपासला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतली एकमेव चूक. उजव्या शेगडीवर आठ खापरे मांडली, त्यांच्यावर सातूचे कासव ठेवले आणि गॅस मोठा केला. पाच मिनिटांत एक खापर फटाक्यासारखे फुटले, गेरूची रेघ ओलांडून डावीकडे गेले आणि आक्काच्या उकळत्या आमटीत पडले. कासव बचावले. ते साडूंनी मला भेट दिले. गेले दीड वर्ष ते माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले आहे. त्याला भेग नाही, बुरशी नाही, आणि वाऱ्याने तर ते हललेलेही नाही. सातबाऱ्याच्या कामासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका सही-अंगठ्याआधी त्याला हात लावून कपाळाला लावतात. मी त्यांना अडवत नाही. यज्ञातली वस्तू आहे, त्यांचे काही चुकत नाही.

आमटी वाया गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का वाईहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून वडूजला अशा दोन गाड्या बदलून माझ्या टेबलासमोर येऊन बसली. रांगेत तीन पक्षकार होते. तिने रांग मोडली नाही. पाळी आल्यावर म्हणाली, “दाजी, लिवा.”

“काय लिहू?”

“नोटीस. त्येंचा सैपाक बंद करा म्हनून. आजपतूर लय सोसलं. आमटीत खापर पडलं, उद्या डोळ्यात पडंल.”

साडूंच्या विरोधात असली तरी नोटीस ती नोटीस. मी चार मुद्दे क्रमवार लिहिले : कट्ट्याच्या निम्म्या भागावर अतिक्रमण, घरात तिखटाची नाकेबंदी, स्फोट, आणि परातीत अन्नाचे चार भाग करून दोन नाकारणे. पंधरा दिवसांत पुरातन स्वयंपाक थांबवावा, अन्यथा अर्जदार माहेरी जाईल. नोटीस मी समक्ष बजावली. साडूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आणि त्याच कागदामागे मातीच्या अहवालाच्या धर्तीवर उत्तर लिहून दिले. “तक्रार : भरपूर. तथ्य : मध्यम. संयम : कमी. शिफारस : पंधरा दिवस थांबून पुन्हा नमुना घ्यावा.” खाली सही. असे उत्तर माझ्या कुठल्याही नोटिशीला आजवर आलेले नाही. मी ते जपून ठेवले आहे.

त्या पंधरा दिवसांतच आमच्या सासूबाई वाईला आल्या. जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीवर त्यांचे गाव. तिकडे आईला आव्वा म्हणतात, म्हणून आक्का आणि माझी पत्नी त्यांना आव्वाच म्हणतात. जन्मभर मेंढरांमागे चाललेली बाई. लेकींना शिकवण्यासाठी खटावात नातेवाइकांकडे ठेवून स्वतः आमच्या सासऱ्यांबरोबर माळामाळाने हिंडली. सासरे गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडले. सोडले म्हणजे ठरवून नव्हे. समोर ताट आले की त्या ते हाताने थोडे पुढे सरकवीत आणि म्हणत, “भूक न्हाई गं.” बस्स, एवढेच. मेहुण्याने तिकडचे दोन डॉक्टर केले, मग आक्काने त्यांना वाईला आणले. इथल्या डॉक्टरांनीही तपासून सांगितले की आजार काही नाही, वय आहे, दुःख आहे, खायला घाला. नाही खाल्ले तर फार दिवस नाहीत. आक्काने ज्वारीची भाकरी कुस्करून दिली, दूध दिले, डब्यातली ताकदीची पावडर दिली, गोडाचा शिरा केला. सगळी ताटे चार बोटे पुढे सरकून परत आली. आक्का कट्ट्यापाशी उभी राहून पदराने डोळे पुसायची आणि त्याच पदराने गेरूची रेघ पुसायची.

साडूंनी सासूबाईंची भूक हा आपल्या पोथीचा विषय आहे असे गृहीत धरले. त्यांनी रोज एक पदार्थ केला. भाजलेल्या सातूच्या लाह्या झाल्या, पातळ पेज झाली, मधातला अपूप झाला. अपूप पाहून सासूबाई म्हणाल्या, “ग्वाड कशापायी? कुनाचं लगीन हाय?” आणि ताट सरकवले. मी तिथेच होतो. साडूंनी चिठ्ठीवर लिहिले : अपूप, नाकारला. त्या दिवशी प्रथमच त्यांनी शिफारशीची ओळ कोरी ठेवली. मग त्यांनी टोपी चढवली आणि आम्ही सातूवाल्या चाचांकडे गेलो.

चाचा वाईत पिढीजात धान्याचे दुकान चालवतात. गिऱ्हाइकाकडे न बघता माप करतात आणि मापाकडे न बघता बोलतात. साडूंनी नेहमीसारखा मूठभर सातू मागितला नाही, दोन किलो मागितला. चाचांनी मान वर केली. “आज सरळ आलासा. घरी कोन आजारी हाय?”

साडूंनी सगळे सांगितले. चाचांनी सातूच्या पोत्यात हात घातला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, “आमच्यातबी सातू हाय. दूध घालून पेज करत्यात, तलबीना म्हनत्यात तिला. घरात मयत झाली की बाया करत्यात. जीव हलका हुतो, असं पैगंबरांचं सांगनं हाय. माझी आई गेली तवा माझ्या भनीनं केलीवती. मी खाल्ली. हलकं झालं का न्हाई ते सांगता यायचं न्हाई, पर दुकान उघडलं.”

साडू म्हणाले, “म्हणजे दुःखी माणसाला सातू द्यायचा हे तुमच्याकडे लिहिलेलं आहे.”

“लिवल्यालं हाय.”

“मग आमच्याकडेही असणार. मी नीट वाचलेलं नाही.”

घरी येऊन ते वही घेऊन बसले. दुःखावरचा सातू त्यांना सापडला नाही. सापडला तो एक देव. पूषन् त्याचे नाव. गुराढोरांची, मेंढरांची राखण करणारा, चुकलेल्याला वाट दाखवणारा, आणि दात पडलेला. त्याला चावता येत नाही म्हणून त्याचा नैवेद्य वेगळा : भाजलेल्या सातूचे पीठ दह्यात कालवलेले. करंभ. साडूंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “साडूभाऊ, आव्वांना दात किती?”

मी म्हणालो, “एक. तोही हलतोय.”

“दही मेंढीच्या दुधाचं पाहिजे,” ते म्हणाले. हे दही वाईच्या बाजारात मिळत नाही. वडूजकडे माझ्या ओळखीच्या एका धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, एका शेतात पडलेला होता. त्यांचा चराईचा अर्ज मीच लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी मी किटलीभर दूध घेऊन दोन गाड्या बदलत वाईला आलो. मांडीवर किटली, कारण खाली ठेवली तर सांडेल. हे दूध मी आणले, ही बाब कृपया नोंदवून ठेवावी.

दही लागले. साडूंनी सातू कढईत भाजला. तो दळायला जाते पाहिजे होते. जाते घरात नव्हते. साडू खालच्या शेजाऱ्यांची उखळी आणायला निघाले तेव्हा आक्काने मिक्सर उचलला आणि रेघेवरून पलीकडे, त्यांच्या बाजूला ठेवला. साडूंनी मिक्सरकडे पाहिले. तो कोणत्याही पोथीत नव्हता. त्यांनी बटण दाबले. पीठ झाले. ते दह्यात कालवले, मिठाचा खडा टाकला आणि परातीत न ओतता, चार भाग न करता, थेट पितळी वाटीत भरले.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाटी समोर आली तशी त्यांनी सवयीने हात पुढे केला, सरकवण्यासाठी. पण वास आला. हात तिथेच थांबला. त्यांनी वाटीत बोट बुडवले, तोंडात घातले, आणि कितीतरी वेळ ते बोट तोंडातच राहिले. मेंढीच्या दह्याला एक उग्र वास असतो, लोकरीचा, पावसात भिजलेल्या घोंगडीचा. आक्का दारात उभी होती. सासूबाई म्हणाल्या, “ह्ये तर आमचं माळावरचं हाय. तुमास्नी कुनी सांगितलं, जावईबापू?”

साडू म्हणाले, “एका राखणदाराने.”

“त्योबी असंच कालवायचा,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यो म्हणजे कोण हे कुणी विचारले नाही. “टोपात पीठ, वर दही. पयलं मला द्यायचा, मागनं कुत्र्याला, मागनं आपुन. म्हनायचा, तू खाल्लीस की माझी मेंढरं चालत्यात.” मग त्यांनी तीन बोटे बुडवली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. आणि तिसऱ्याला मान वर करून म्हणाल्या, “सपक हाय. लसनाचं तिखट न्हाई व्हय घरात?”

लसणाच्या तिखटाची बरणी रेघेच्या डावीकडे, आक्काच्या बाजूला होती. मिरची गलबतातून आलेली. पूषन् देवाने तिचे तोंड पाहिलेले नाही. आक्काने साडूंकडे पाहिले आणि जागची हलली नाही. अशा प्रसंगी कोणाची हद्द कुठे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. साडू स्वतः उठले. रेघ ओलांडून हात लांब केला, बरणी घेतली, झाकण उघडून चमचाभर तिखट सासूबाईंच्या वाटीच्या कडेला घातले. म्हणाले, “पोथी लिहिणाऱ्यांना हे मिळालं असतं, तर त्यांनीही लिहिलं असतं.” सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली. त्या दिवशी प्रथमच त्या सासऱ्यांचे नाव न घेता, पण त्यांच्याविषयी, संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या, रडल्या, हसल्या, आणि कुत्र्याचे नाव मात्र तीनदा घेतले. साडूंनी चिठ्ठी लिहिली. मी ती खांद्यावरून वाचली. “करंभ. नमुना शिल्लक नाही.” आक्काने ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली, आणि माझी नोटीस पंधराव्या दिवशी आपोआप रद्द झाली.

त्यानंतर सासूबाई आठ महिने वाईत राहिल्या. साडूंनी रोज करंभ केला, रोज कडेला तिखट घातले. मग त्यांना गाव आठवले, मेहुण्याने येऊन नेले. करंभ कसा करायचा ते साडूंनी मेहुण्याच्या बायकोसाठी चिठ्ठीवर लिहून दिले, तिखटासह. आणखी एक उन्हाळा सासूबाईंनी पाहिला. एका सकाळी वाटी खाऊन, पाणी पिऊन, भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. उपाशी गेल्या नाहीत. हे महत्त्वाचे आहे आणि ते लेखी असावे म्हणून लिहिले.

त्यांचे दिवसकार्य उरकून गावाहून परत आल्यावर साडूंनी वही बांधून माळ्यावर ठेवली. कोणी विचारले तर म्हणतात, “ज्यांच्यासाठी शिजायचं होतं त्या जेवल्या.” आता ते जे पुढे येईल ते खातात. बटाट्याची भाजी खातात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागून घेतली, वर शेंगदाण्याचा कूटही मागितला. बाजारात सरळ चालतात. चाचा म्हणाले, “तुमचं साडू बरं हाईत ना? दुकानावरनं नीट जात्यात आता.” घरात तिखटाला मोकळीक आहे, अतिक्रमण उठलेले आहे, स्फोट नाहीत, परातीत चार भाग होत नाहीत. आक्काच्या चारही मागण्या पूर्ण मान्य झाल्या, आणि आमच्या व्यवसायात ज्याला पूर्ण न्याय म्हणतात तो तिला मिळाला.

गेल्या सोमवारी ती पुन्हा दोन गाड्या बदलून आली. रांगेत बसली. पाळी आल्यावर टेबलावरचे कासव उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाली, “दाजी, त्या बारीला नोटीस लिवलीवती न्हवं? आता उलटी लिवा.”

“उलटी म्हणजे?”

“रोज सकाळी फडकं घिऊन कट्टा पुसायला जाते. मधी आल्यावर हात थांबतोय. पुसायला कायबी नसतंय, दाजी.” आणि मग माझ्याकडे न बघता, “मानूस बसून ऱ्हातोय खिडकीत. भांडावं म्हटलं तर कशावरनं भांडू?”

सबब, सामनेवाल्यांस या अर्जाद्वारे कळविण्यात येते की, यापूर्वीची नोटीस अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. कट्ट्याची उजवी बाजू रिकामी करून धुवून ठेवलेली आहे. मिक्सर उभयतांच्या सामाईक वापरात राहील. चार भागांतले बाजूला काढलेले दोन भाग खाण्यास अर्जलेखक पूर्ववत तयार आहे, वेळप्रसंगी चारही. अर्जदाराने काल स्वतः गेरू कालवून रेघ ओढलेली आहे. पट्टी न लावल्यामुळे ती वाकडी आलेली असून शेगडीपाशी फारच डावीकडे, म्हणजे अर्जदाराच्याच हद्दीत गेलेली आहे. अर्जदाराने ती आज सकाळी पुसलेली नाही. तरी आपण कट्ट्यापाशी येऊन ती सरळ करून द्यावी, ही नम्र विनंती. उत्तर लेखी द्यावे. मातीच्या अहवालाच्या धर्तीवर दिले तरी चालेल. शिफारशीची ओळ मात्र या वेळी कोरी ठेवू नये.

सोबत : सातू, दोन किलो, चाचांकडचा. अर्जदाराने चष्मा लावून निवडलेला.